उपासाचं विलायती बिस्किट

नुसता चहा दगानाना पाटलांच्या घशाखाली उतरत नाही. त्यात काहीतरी बुडवावं लागतं. टोस्ट, बटर, खारी, ग्लुकोजचा पुडा, आणि घरात काहीच नसलं तर सकाळची पोळी. शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीत केळी लावणारे पुष्कळ आहेत, पण बिस्किट चहात किती वेळ धरायचं आणि नेमकं कधी काढायचं, यात नानांचा हात धरणारा कोणी नाही असं खुद्द नानांचं मत आहे. अशा माणसाच्या नशिबी श्रावणातले सगळे सोमवार यावेत, हा निव्वळ छळ होता. भगर, साबुदाणा, रताळी यांच्याबद्दल नानांची तक्रार नव्हती, पण यातलं चहात काय बुडवणार? पहिल्या सोमवारी त्यांनी साबुदाणावडा बुडवून पाहिला. तो कप पुढे दोन दिवस घासावा लागला.

नाना उपासाला लागले ते व्हिसापायी. त्यांची लेक मयूरी लग्न होऊन इंग्लंडात लेस्टरला राहते. तिला मुलगी झाली, ती आठ महिन्यांची झाली, रांगायला लागली, आणि नानांनी तिला अजून फोनच्या काचेपलीकडेच पाहिलं होतं. गेल्या वर्षी नानांनी आणि त्यांच्या पत्नी रंजनाबाईंनी व्हिसासाठी अर्ज केला, तर तिकडच्या साहेबाने दोघांनाही नकार दिला. कारण काय, तर हे दोघं परत भारतात येतील अशी खात्री पटत नाही.

"दहा एकर केयं सोडीसन मी तठे थंडीमा काय करसू?" आपल्या केळीच्या बागेकडे बोट दाखवून नाना तेव्हा आठ दिवस भेटेल त्याला विचारत होते.

रंजनाबाईंना मात्र खरं कारण कळलं होतं. घरातली बाई लग्नापासून श्रावणी सोमवार धरते आणि नवरा तिच्यासमोर बसून टोस्ट बुडवतो, हे महादेवाला दिसत नसेल का? यंदा दुसऱ्यांदा अर्ज गेला तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं.

"मन्हा उपास मन्हा विसासाठे, तुमना उपास तुमना विसासाठे. तुमना वाटाना मी धरसू आसं समजू नका. नातले मांडीवर लेवानी आशीन तं सोमवार धरा."

नातीचं नाव काढल्यावर नानांचं काही चालत नाही. त्यांनी सोमवार धरले. दर सोमवारी कोरा चेहरा करून ते नुसता चहा प्यायले, आणि बघता बघता शेवटचा सोमवार आला. आता एवढा एक दिवस निभावला की महादेवाला बोट ठेवायला जागा उरणार नव्हती.

नेमकं त्याच्या आदल्या दिवशी मयूरीचं पार्सल आलं. तिच्या शेजारी राहणारा शहाद्याचा एक मुलगा सुट्टीवर आला होता, त्याने ते घरी आणून दिलं. नातीचे फोटो, रंजनाबाईंना स्वेटर आणि नानांसाठी बिस्किटांचे पुडे. फोनवर मयूरी म्हणाली होती, "बाबा, इकडे प्रत्येक घरात चहासोबत हेच बिस्किट असतं. खरबरीत असतं, ओटचं. आणि चहात पडत नाही बरं का, मुद्दाम तुमच्यासाठी पाठवलंय."

चहात न पडणारं बिस्किट! नानांना रात्री झोप धड लागली नाही.

सोमवारी दुपारचा चहा झाला, म्हणजे नुसता घशाखाली ढकलला, आणि नाना फडताळापाशी जाऊन पुडा न्याहाळू लागले. त्यावर सोनेरी गोल बिस्किटाचं चित्र होतं आणि बाजूला कसल्यातरी पिकाच्या लोंब्या होत्या. नानांनी पुडा उजेडात धरला. ती लोंबी त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. गेल्या रब्बीत म्हशीसाठी त्यांनी घासाच्या कडेने तीच तर पेरली होती. जई! आणि जई हा तर गुरांचा चारा. नानांच्या मनात एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना. दोन पुडे बंडीच्या खिशात कोंबून ते महादेवाच्या देवळाकडे निघाले.

देवळाच्या ओट्यावर हिलालआप्पा बसले होते. उपासाला काय चालतं आणि काय नाही, यात गावात आप्पांचा शब्द शेवटचा. लाल मिरची चालते की हिरवी, कोथिंबीर धरायची की सोडायची, असे जुने वाद त्यांनीच मिटवले होते. शेजारी निवृत्त उमाकांत गुरुजी आणि आणखी दोघं-तिघं, सगळेच सोमवारवाले, पोटं आत गेलेली.

"आप्पा," नानांनी विषय काढला, "जई उपासले चालस का?"

"जई? ढोरंसना चारा?"

"हा, तीच."

आप्पांनी नानांकडे काळजीने पाहिलं. "इतली भूक लागी ऱ्हायनी का तुले?"

नानांनी पुडा काढला. गुरुजींचा चष्मा घरी राहिला होता, पण पुड्यावरची मोठी अक्षरं त्यांनी हात लांब धरून वाचली. "ओट्स! ओट्स म्हणजे जईच. नाना म्हणतो ते बरोबर आहे. जईचं बिस्किट आहे हे."

आप्पांनी डोळे मिटले. निवाडा करताना ते नेहमी डोळे मिटतात.

"जई कोन खास?"

"म्हैस खास, बैल खास, घोडा खास," नाना म्हणाले.

"मानूस?"

"आपला आठे तं कोनी खात नही."

"मंग ती धान्य नही. उपासमा धान्य सोडानं ऱ्हास. चारा सोडाना कोठे लिखेल शे?"

"पण आप्पा, विलायतेत माणसं खातात ना जई," गुरुजींनी शंका काढली.

"तठे सोमवार धरतस का?"

"तिकडे कुठले सोमवार?"

"मंग तठला कायदा आठे कसाले?" आप्पांनी डोळे उघडले. आता ते रंगात आले होते. "गुरुजी, तुम्हीच सांगेल शे ना, बटाटा बाहेरना, मिरची बाहेरनी, शेंगदाना बाहेरना, साबुदाना बी बाहेरना. बठ्ठं जहाजमा उनं. आनि बठ्ठं उपासले चालस. हाई बिस्किट तं इमानमा उनं!"

भुकेल्या पोटांना एवढा निवाडा पुरला. समोरच्या फुलवंताबाईंच्या टपरीवरून चहा आला. नानांनी पहिलं बिस्किट दोन बोटांत धरून अर्धं चहात सोडलं. सगळे वाकून बघू लागले. टोस्ट एवढ्यात मऊ पडून बसला असता, ग्लुकोजचा तळाशी चिखल झाला असता. हे मात्र कपात मान ताठ करून उभं.

"काढ आते, पडी," कोणीतरी म्हणालं.

"नही पडत!" नानांनी आणखी थोडा वेळ धरलं, मग अलगद उचलून तोंडात टाकलं. कितीतरी सोमवारांची कोरड एका घासात गेली. त्यांनी दुसरं उचललं.

दोन्ही पुडे बघता बघता संपले. गुरुजींनी मोबाइल काढून सगळ्यांचा फोटो घेतला, प्रत्येकाच्या हातात अर्धं भिजलेलं बिस्किट आणि मधोमध नाना. नानांनी हौसेने तो मयूरीला पाठवायला लावला. "लिखा गुरुजी, बिस्किट पडनं नही म्हना."

निघताना आप्पांनी आणखी एक हुकूम सोडला. "दगा, घरमा आजून पुडा शेत ना? सांजले आरतीले लई ये. शेवटला सोमवार शे, बठ्ठा गावले परसाद वाटसूत."

नाना तरंगतच घरी आले. ओसरीवर त्यांची सून गायत्री शेंगा सोलत होती. गायत्री बी.एस्सी. झालेली, आणि कुठल्याही पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय तोंडात काही न टाकणारी. नानांच्या खिशातून डोकावणारं रिकामं वेष्टन तिने ओढून घेतलं आणि सवयीने उलटं केलं.

"बाबा, हाई कोनी खादं?"

"वट्यावर बठ्ठासनी. जई शे, उपासले चालस. आप्पानी सांगं."

"जई शे, पन गहूनं पीठ बी शे. हाई देखा, जाड अक्षरमा लिखेल शे."

नानांनी पाहिलं. अक्षरं इंग्रजी होती, पण जाड होती यात शंका नाही. ते मटकन शेंगांच्या टरफलांवरच बसले. शेवटचा सोमवार! नातीचे फोटो समोर भिंतीला टेकवून ठेवले होते. त्यातल्या एकात ती कॅमेऱ्याकडे हात पसरून बसली होती. नानांना तिच्याकडे बघवेना.

"तुन्ही सासूले सांगजो नको," ते कसेबसे म्हणाले. आतल्या खोलीतून रंजनाबाईंचा फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. 'हा, हा' आणि 'बरं' याखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

थोड्या वेळाने रंजनाबाई बाहेर आल्या. त्यांनी स्वतःसाठी चहा टाकला, कपात ओतला, फडताळातून पुडा काढला, फोडला आणि नानांच्या समोर येऊन बसल्या. नाना डोळे फाडून बघत राहिले. रंजनाबाईंनी बिस्किट चहात बुडवलं.

"तू... हाई..." नाना पुड्याकडे नुसतं बोट दाखवत राहिले. गहू आहे म्हणावं, तर तुम्हाला कसं कळलं हा प्रश्न येणार. न म्हणावं, तर बायकोचा आजवरचा अखंड नेम डोळ्यांदेखत मोडणार.

"काय व्हयनं?" रंजनाबाईंनी विचारलं. "जई शे ना? बठ्ठा गाव खाई ऱ्हायना म्हने."

तोवर पहिलं बिस्किट गेलं होतं. त्यांनी दुसरं घेतलं, मग तिसरं. आवडीने खात होत्या असंही नाही, कडू काढा घ्यावा तसं तोंड करून खात होत्या. विलायती चव रुचली नसेल, असं नानांना वाटलं. तिसरं संपल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि त्या वाती वळायला बसल्या.

आता नानांच्या जिवाला दोन घोर लागले. स्वतःचा उपास गेला तो गेला, पण आपण गावभर जई जई करत सुटलो म्हणून हिचाही गेला. आणि संध्याकाळी प्रसाद वाटला की अख्ख्या ब्राह्मणपुरीचा जाणार. निदान तेवढं तरी थांबवायला हवं होतं. रंजनाबाई वातींत गुंतल्याचं पाहून नानांनी उरलेले सगळे पुडे धोतराच्या ओच्यात घेतले, गोठा गाठला आणि एकेक फोडून म्हशीच्या गव्हाणीत ओतायला सुरुवात केली. म्हशीला चर्चा करायची नव्हती. ती कुरकुर आवाज करत खाऊ लागली.

"दगा!" मागून हिलालआप्पांचा आवाज आला. पुडे न्यायला ते स्वतःच आले होते. "देवना परसाद म्हैसले?"

"ती बी... ती बी सोमवार धरस," नाना बोलून गेले.

आप्पांनी म्हशीकडे पाहिलं, मग नानांकडे पाहिलं. नानांना खोटं कधीच नीट जमलेलं नाही. त्यांनी आप्पांना दावणीपाशी ओढलं आणि कानात सांगितलं, "आप्पा, त्यामा गहू शे."

आप्पांचा चेहरा पांढरा पडला. गावाला उपास शिकवणारा माणूस तो. पण दुसऱ्याच क्षणी ते नानांवरच उखडले.

"तू मले सांगं कसाले?"

"म्हंजे?"

"आरे, जथलोक मले माहीत नव्हतं तथलोक मन्हा उपास शाबूत व्हता! अजानपने खादं त्याले दोष नही. तू सांगं आनि तठेच मन्हा उपास मोडना. तू मोडा, दगा!"

हा मुद्दा नानांच्या ध्यानात आला नव्हता. "मंग वट्यावरना बाकीना?"

"त्या बठ्ठा शाबूत शेत. त्यासले सांगशी तं याद राख."

"आनि मयूरीनी माय? तिनी बी खादं."

"तिले माहीत शे का?"

"नही."

"मंग तिना बी शाबूत. जन्मभर बोलू नको."

नानांना एकदम हायसं वाटलं. आपला व्हिसा गेला, पण रंजनाबाईंचा वाचला. आता फक्त तोंड मिटून बसायचं होतं. आजीला तरी नात भेटेल. आपण इथे म्हशीचं बघू, केळीचं बघू, फोनवर बोलू. असं मनाला बजावत त्यांनी म्हशीच्या पाठीवर उगाच दोन थापा मारल्या.

संध्याकाळी आरतीला गाव जमलं. ओट्यावरचे दुपारचे गडी विलायती प्रसादाची वाट बघत मागे रेंगाळले होते. हिलालआप्पांनी घसा साफ केला आणि सांगितलं, की नीट विचार केल्यावर आपल्याला असं वाटतं, देवापुढे आपल्या मातीत पिकलेलंच ठेवावं, विमानातून आलेलं नको. दुपारी विमानाचे गोडवे गाणारा हाच माणूस, पण आप्पांना उलट विचारायची पद्धत गावात नाही. सगळ्यांना एकेक केळं मिळालं.

घरी पानं वाढली होती. उपास सोडायला वरण, भात, गिलक्याची भाजी आणि गव्हाच्या पोळ्या. पोळी बघून नानांना भलतंच अपराधी वाटलं. ते नुसते बोटाने भात इकडचा तिकडे करत होते. रंजनाबाई मात्र रोजच्यासारख्या जेवत होत्या. इतक्यात शहाद्याला गेलेला त्यांचा मुलगा धर्मेंद्र मोटारसायकल अंगणात टाकून आत धावत आला.

"बाबा! विसा उना! दोन्हीसना उना!"

"दोन्हीसना?" नाना उभेच राहिले.

"एजंटना फोन उना आते. शुक्रवारलेच मंजूर व्हयेल व्हता. तो पोऱ्यासोऱ्या लईसन सापुताराले फिराले गयता, सांगाले इसरी गया!"

म्हणजे नाना दुपारी ओट्यावर पहिलं बिस्किट बुडवत होते, तेव्हा व्हिसा मंजूर होऊन तीन दिवस झाले होते. गायत्री हसायला लागली, धर्मेंद्रने लगेच मयूरीला फोन लावायला घेतला, पण आवाज नीट येईना म्हणून दोघं अंगणात गेली. नाना खाली बसले. आनंद झाला की त्यांच्या पोटात काही राहत नाही. जन्मभर न बोलण्याचा बेत आरतीपासून जेवणापर्यंतच टिकला.

"मयूरीनी माय, मी आज उपास मोडा. बिस्किटमा गहू व्हता."

"माहीत शे मले."

"तुले? तुले कोनी सांगं?"

"तुमना वट्यावरना फोटो मयूरीले गया. तिना लगेच मले फोन. आई, बाबा उपासले काय खाई ऱ्हायनात, त्यामा गहू शे म्हने."

नानांनी डोक्यात हिशेब मांडला. आतल्या खोलीतला फोन आधी, चहा नंतर. ते थक्कच झाले.

"मंग तू जानीसन खादं? इतला वरीसना नेम मोडा? कसाले?"

रंजनाबाईंनी पोळीचा तुकडा मोडला. असं काही विचारतात का, अशा नजरेने त्यांनी नानांकडे पाहिलं.

"तुमना मोडना आनि मन्हा ऱ्हाता, तं देवनी विसा मले एकलीलेच दिधा आस्ता. तुमले आठे सोडीसन मी तठे एकली काय करू?"

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसावं हेही त्यांना सुचलं नाही. बाहेर धर्मेंद्र मोठ्याने बोलत होता आणि फोनमधून लहान मुलीचं किंचाळणं ऐकू येत होतं.

"पन तीन कसाले खादात? एक खाती तरी मोडता," बऱ्याच वेळाने नाना म्हणाले.

"तुम्ही कितला खादात ते फोटोमा दिसनं नही. म्हनं, कमी पडाले नको."



"मी पाच खादात," ते हळूच म्हणाले.

रंजनाबाईंनी कपाळावर हात मारला आणि त्यांच्या पानात गरम पोळी वाढली.